करंगळी

"राग मानू नका हं हणमंत, पण पुढच्या वेळेपासून... म्हणजे, खाली बेसमेंटमध्ये आहे टॉयलेट, स्टाफसाठी. ड्रायव्हर लोकांकडे किल्ली असते." लतिकावहिनी हे इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई उपकारच करतेय. आणि श्वास घ्यायच्या आत त्याच आवाजात पुढे, "सरबत आणखी देऊ का थोडं?"

हणमंत पॅसेजमध्ये उभा होता. एक हात बाथरूमच्या दाराच्या मुठीवर, दुसरा उगाचच खिशात. तासाभरात तिसऱ्यांदा उठला होता तो, हे त्याला काय कळत नव्हतं? त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? मुठीवरचा हात त्याने चटका बसल्यासारखा काढून घेतला. "सरबत नको," म्हणाला, खरं तर तहानेने जीभ टाळूला चिकटली होती. "जाऊन येतो खाली," म्हणाला. म्हणाला! चक्क म्हणाला, शहाण्या बाळासारखा, चपला घातल्या, दार स्वतःच्या हाताने हळूच ओढून घेतलं, आणि चौदाव्या मजल्यावरच्या त्या गुळगुळीत लॉबीत येऊन उभा राहिला तेव्हा कुठे त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टाफ. इतिहासात एम. ए., विद्यापीठात दुसरा, प्रिलिम्स पास, मेन्स तीन आठवड्यांवर आलेली, आणि गुडगावच्या या इमारतीत तो कोण, तर स्टाफ. आडनाव तर पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं. "म्हणजे मूळ गाव कुठलं तुमचं? औसा? तिकडचे का तुम्ही, अच्छा अच्छा." त्या अच्छाचा अर्थ त्याला तेव्हाच कळायला हवा होता. पण तेव्हा तो खूश होता. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाच्या बसमधून दिल्लीत मुनिरक्याला खोल्या घेऊन परीक्षेची तयारी करणारी मराठी पोरं पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावर गेली होती, तिथे लतिकावहिनींच्या यजमानांनी, दीनानाथ सरांनी, त्याला कोपऱ्यात चार पोरांना लढाई समजावून सांगताना ऐकलं, आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "यार, तू आमच्या अवनीला मराठी शिकव. पुढच्या वर्षी इथे तिचं भाषण झालं पाहिजे." मोठ्या माणसाने पाठीवर थाप मारली की हणमंतसारख्याला दोन दिवस भूक लागत नाही. हाच तर रोग. लघवीचा नंतर लागला.

दोन लिफ्ट होत्या. एकीत आरसा, दुसरीत भिंतींना प्लायवूड ठोकलेलं; कामवाल्या आणि फ्रिज त्या दुसरीतून जायचे. हणमंतने मुद्दाम आरशाच्या लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागला आणि त्या वेळात ओटीपोटात ते सुरू झालं, नेहमीचं, आधी नुसतं जडपण, मग कुणी आतून नखाने खरवडावं तसं, मग दुसरं काहीच उरत नाही. डोळ्यांना दिसतं ते दिसत नाही, कानांना ऐकू येतं ते पोचत नाही. आत शिरल्यावर आरशात एक माणूस उभा होता. गळ्याची हाडं वर आलेली, शर्टाचे खांदे दंडावर उतरलेले. एप्रिलमध्ये हाच शर्ट दाटत होता. सगळे म्हणायचे, अभ्यास दिसतोय अंगावर. अभ्यास! तीन तासांचा पेपर असतो मेन्सचा, दिवसाला दोन, आणि गेल्या रविवारी त्याने घड्याळ लावून सराव पेपर लिहायला घेतला तर सात वेळा उठला. सातव्यांदा परत आला तेव्हा अशोकाच्या धम्माचं वाक्य अर्धवट पडलेलं होतं आणि त्याला ते पुढे कुठे न्यायचं होतं हे आठवेना. पेन भिंतीवर मारलं त्याने. हे शेवटचं वर्ष होतं. मोठ्या भावाने फोनवर एकदाच, न ओरडता सांगितलं होतं, "हणम्या, औंदा बघ, न्हाईतर ये बाबा घरी." पुस्तकं पाठ होती. उत्तरं हातात होती. सगळं येत होतं त्याला, फक्त तीन तास एका जागी बसता येत नव्हतं. असं कुणाला सांगायचं? कुठल्या तोंडाने सांगायचं? आम्ही कलेक्टर होणार होतो पण मुतायला जावं लागलं?

जुलैत सुरू झालं हे. मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर पाच खोल्यांना मिळून एक संडास, त्याला पत्र्याचं दार, आणि दाराबाहेर सकाळी बादल्यांची रांग. आधी रात्रीचं एकदा उठणं, मग दोनदा, मग दिवसाही. खोलीत सोबत जयेश, नागपूरचा, बरा पोरगा, पण त्यालाही किती दिवस गप्प राहवणार? "काय बे, नळ चालू राहिला का तुझा?" म्हणाला एकदा आणि खोखो हसला, आणि मग हणमंतचा चेहरा पाहून दोन दिवस नजर चुकवत राहिला. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. आणि त्या मुंग्या! ऑगस्टमध्ये संडासात काळ्या मुंग्यांची रांग लागली, भिंतीवरून खाली थेट भांड्यापर्यंत, आणि घरमालकाची म्हातारी आई काठी टेकत वर येऊन पाच खोल्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "रे छोरो, लैट्रिन मैं बैठ कै गुड़ खाओ हो के?" सगळी पोरं हसली. हणमंतही हसला. हसला लेकाचा! मुंग्यांवर त्यानेच नंतर फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आणखी मोठी फौज घेऊन.

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली, कुत्र्याला घेऊन एक बाई आत आली, हणमंतकडे पाहून तिने साखळी आखडून घेतली. कुत्रा त्याच्या पायाशी येऊन हुंगायला लागला तसा हणमंत घामाघूम झाला. कुत्र्याला कळलं का? वास येतो का? असं घट्ट धरून उभं राहायचं तो फार लहानपणी शिकला होता. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, दिनकर गुरुजी. एकीला जायचं असलं की करंगळी वर करायची आणि म्हणायचं, "गुरुजी, जाऊ?" गुरुजींच्या मनात असलं तर मान हलायची. नसलं तर ते फळ्याकडे वळून म्हणायचे, "करंगळी खाली." बस, इतकंच. पुढच्या बाकांवरच्या पोरांच्या करंगळीला मान हलायची, हणमंत मागच्या रांगेत बसायचा. एकदा कुठलेसे साहेब तपासणीला आले होते, हणमंतची करंगळी वर होती, वर होती, वर होती, आणि साहेबांनी विचारलं, "अरे, याला उत्तर येतंय वाटतं, सांग बाळ," आणि बाळ उभा राहिला आणि उभ्या उभ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर... आईने, म्हणजे द्वारकाबाईने, त्या दिवशी त्याला मारलं नाही. चड्डी धुतली, वाळत घातली, आणि वाळत घालताना म्हणाली, "थोडं धरून ठिवायचं बाबा. आपल्यासारख्यानं धरून ठिवायचं." सतरा वर्षं झाली त्याला. सतरा वर्षं धरून ठेवलंय. आता सुटत असेल तर त्यात नवल ते काय! करंगळीचा तसा राग नव्हता त्याला. मान न हलवणाऱ्याचा होता. आणि आज लतिकावहिनी! त्यांनी तर करंगळी वर करायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

आईला त्याने गणपतीत फोनवर सांगितलं होतं, अर्धंच, लाजत. आई लगेच म्हणाली, "उन्हाळी लागली तुला. तिकडचं ऊन वाईट." दिल्लीत तेव्हा धो धो पाऊस पडत होता, पण आईचं बोलणं ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. उन्हाळी. म्हणजे आपल्या गावात याला नाव आहे, म्हणजे हे आपल्या आधी कुणाला तरी झालंय. पायाच्या अंगठ्याच्या नखाला ओला चुना लाव, धने-जिरे रात्री भिजत घाल, सकाळी गाळून खडीसाखर टाकून पी, उष्णता उतरती. गावाकडून येणाऱ्या एका पोराबरोबर तिने धने पाठवले, जिरे पाठवले आणि खडीसाखरेची ही एवढी पिशवी, वर चिठ्ठी, साखर कमी करू नकोस, साखरेनेच गुण येतो. हणमंतने कमी केली नाही. बाटली भरून करायचा, तहान लागली की तेच प्यायचा, आणि तहान तर चोवीस तास होती. जितकं प्यायचा तितकं जायचा, जितकं जायचा तितकं प्यायचा, आणि जीव आणखी आणखी कोरडा पडत चालला होता. अंगठ्याला चुना लावून हा भावी कलेक्टर मेन्सचा अभ्यास करत बसलेला! मधे एकदा हिंमत करून तो त्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतल्या एका दवाखान्यातही जाऊन आला होता. रेल्वेच्या कडेने दिल्लीत शिरताना मैलोन् मैल ती एकच जाहिरात दिसते, तरुणपणीच्या चुकांबद्दल. आतल्या माणसाने नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, "शादी हुई?" नाही म्हटल्यावर तो हसला. त्या हसण्यात सगळं आलं. चुका कोणत्या ते हणमंतला माहीत होतं, सव्वीस वर्षांच्या एकट्या माणसाला माहीत असतात तेवढ्याच. पण पुढचे पंधरा दिवस तो स्वतःच्या देहाकडे गुन्हेगाराकडे बघावं तसा बघत राहिला. आपणच केलं हे. आपल्याच हाताने वाटोळं केलं. कुणाचा राग करणार? राग यायचा तो सगळा आत, स्वतःवर.

बेसमेंटमध्ये थंडगार अंधारट उजेड होता आणि पेट्रोलचा वास. खांबाजवळ तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीवर दीनानाथ सरांचा ड्रायव्हर रामफल पेपर वाचत बसलेला. हा मूळचा झज्जरकडचा, पन्नाशीचा माणूस. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा हणमंतला गावाकडचं ते तांबूस सालीचं गोड रामफळच आठवलं होतं. हणमंतला पाहताच तो उठला, का आलात वगैरे काही विचारलं नाही, खिळ्यावरची किल्ली काढून हातात दिली. "कुंडी टूटी है, जरा पकड़ के रखियो दरवाजा." एका हाताने दार धरून, दुसऱ्या हाताने उरलेलं जमवत हणमंतने ते केलं. धार संपता संपत नव्हती. चौदा मजल्यांची, सतरा वर्षांची. बाहेर येऊन किल्ली परत दिली, दहा पावलं चालला, आणि थांबला. परत. अशक्य! आत्ताच तर! तो वळला तेव्हा रामफलने किल्ली खिळ्यावर टांगलीच नव्हती, हातात धरून उभा होता.

दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर रामफल म्हणाला, "मास्टरजी, एक बात कहूँ, बुरा मत मानियो." पुन्हा तेच! आज सगळ्या जगाला हणमंतने राग मानू नये असं वाटत होतं. "बोलो," तो खेकसला. रामफलने पेपरची घडी केली. "गेट के बाहर, वो नई बिल्डिंग का जो बोर्ड है, उसके पीछे आप करते हो. इतवार-इतवार." हणमंतचे कान तापले. म्हणजे हेही. म्हणजे शिकवणी संपवून निघाल्यावर बससाठी चालताना तो त्या जाहिरातीच्या फळ्यामागे, ज्याच्यावर हिरवळ आणि गोरी पोरं रंगवली होती त्याच्यामागे, उभा राहायचा तेही या माणसाने पाहिलं होतं आणि आता हाही सांगणार, तिथे करू नका. "तो?" तो म्हणाला. "तो क्या करूँ? कहाँ जाऊँ? ऊपर मना, बाहर मना, क्या काट के फेंक दूँ?" आवाज खांबाखांबांवर आपटून परत आला. रामफलवर त्याचा काही परिणाम झाला नाही. "हम सब वहीं करते हैं," तो म्हणाला. "पर चींटी सिर्फ आपकी जगह पे आती है. मैं दो महीने से देख रहा हूँ. मेरे छोटे भाई का यही था, तीस का भी नहीं था. प्यास, पेशाब, सूखता गया, सूखता गया. घरवाले बोले किसी ने कुछ कर दिया है. शुगर निकली. आप शुगर चेक करवा लो, आज ही. देर मत करो."

शुगर. हणमंत हसणारच होता. साखरेचा आजार त्याच्या गावात दोघांना होता, एक पेढीवाले शेटजी आणि दुसरे आमदारांचे वडील, दोघांची पोटं गाडीत मावत नसत. तो खाल्लेल्या-प्यालेल्यांचा आजार. त्याला कसा होईल, ज्याचा रात्रीचा डबा जयेशबरोबर अर्धा अर्धा? तो हसणारच होता आणि त्याच क्षणी त्याला तो कागद आठवला. जुलैतली गोष्ट. दीनानाथ सर एका औषध कंपनीत मोठे साहेब, परदेशी कंपनीने इथे रक्तातली साखर घरच्या घरी मोजायचं यंत्र आणलं होतं आणि ते खपवायचं काम त्यांच्याकडे. पॅसेजमध्ये बाथरूमच्या दारालगत त्या यंत्रांची खोकी छातीपर्यंत रचलेली होती; हणमंत दर रविवारी तीन-तीन वेळा त्यांना खांदा घासून आत जायचा. "महाराष्ट्रासाठी पत्रक काढतोय, बघ जरा मराठी बरोबर आहे का," म्हणून सरांनी एक कागद त्याच्यापुढे टाकला होता. वर ठळक अक्षरांत, चाळिशी ओलांडलीत? सावधान! खाली पोट सुटलेल्या माणसाचं चित्र. आणि चित्राखाली, वारंवार लघवीला होणे, सतत तहान लागणे, कारण नसताना वजन घटणे. हणमंतने लाल पेनाने त्यातल्या वेलांट्या सुधारल्या होत्या. वारंवार हा शब्द त्याने स्वतः घातला होता, मूळ कागदात पुनःपुन्हा होतं, ते त्याला कानाला खटकलं. आणि कागद परत देऊन तो उठून बाथरूमला गेला होता! इन्सुलिनचा शोध कोणत्या साली लागला, ते कुठल्या ग्रंथीतून पाझरतं, सामान्य ज्ञानाच्या वहीत तिसऱ्या पानावर लिहिलेलं, तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारा. मूर्खा! गाढवा! सगळ्या जगाचा अभ्यास केलास आणि स्वतःचं वाक्य वाचता आलं नाही तुला? आणि मग, स्वतःला अशा शिव्या घालता घालता, त्याला दुसरी गोष्ट दिसली, आणि तिच्यापुढे पहिली काहीच नव्हती. त्याला नाही कळलं, ठीक आहे, तो औशाचा. पण त्या घरात हा एकच विषय होता. जेवताना, फोनवर, गाडीत, इंडियन मार्केट, यार, घरोघरी पेशंट. त्या घराने एक तरुण माणूस दर रविवारी पाच-पाच ग्लास पाणी पिताना, डोळ्यांदेखत वाळताना, तासाला तीनदा त्या खोक्यांना घासून जाताना पाहिला. पाहिला, मोजला, आणि त्यावर विचार करून काय उपाय काढला? बेसमेंट.

वर जाताना त्याने बेल दाबली ती सोडलीच नाही. दार अवनीने उघडलं, बारा वर्षांची, हातात भाषणाचा कागद. "सर, रसद म्हणजे काय? मम्मीला पण नाही येत." "लढणाऱ्यांना पोचवायचं धान्य, पाणी," हणमंत चालता चालता म्हणाला. "ती तुटली म्हणून पानिपतात मराठे हरले." दीनानाथ सर सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते, लतिकावहिनी उभ्याच होत्या, त्याचा चेहरा पाहून त्यांनी उगाच उशी नीट केली. हणमंत सरळ पॅसेजमध्ये गेला, वरचं खोकं उचललं आणि आणून काचेच्या टीपॉयवर आदळलं. "हे उघडा," तो म्हणाला. "आणि माझी साखर बघा."

"अरे, काय झालं काय? बस तर आधी, पाणी घे..."

"पाणी नको. पाणी पिऊन पिऊनच मेलो. यंत्र उघडा, सर."

सरांना काहीतरी समजलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप मिटला. पट्टी काढली, सुईचं पेन जुळवलं, रोजची सवय असलेल्या हाताने. "कुठलं बोट?" त्यांनी विचारलं. हणमंतने हात पुढे केला. करंगळी वर. त्याचं त्यालाही कळलं नाही ती कशी वर आली, पण आल्यावर त्याने ती खाली केली नाही, सरांच्या नाकासमोर धरून ठेवली. टोचलं, लाल थेंब आला, पट्टीने तो ओढून घेतला. यंत्र आकडे उलटे मोजायला लागलं. तेवढ्या वेळात त्या खोलीत कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. मग ते टुक्‌ करून वाजलं आणि अवनीनेच मोठ्याने वाचलं, "फोर थर्टी एट."

"सरबत घेतलंय ना त्यांनी आत्ता, त्यामुळे असेल," लतिकावहिनी म्हणाल्या.

"सरबताने चारशे होत नाही, लतिका." सरांचा रंग उतरला होता. "हणमंत, अरे, तू बोलला का नाहीस? कधीपासून होतंय हे? हे तुमच्या वयात झालं ना, की वेगळं असतं, शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं. साखर नुसती रक्तात फिरते, शरीराला मिळतच नाही, मग ती लघवीतून बाहेर टाकायची, तर तिच्याबरोबर सगळं पाणी... म्हणून तहान, म्हणून हे. काही दिवसांत बेशुद्ध पडला असतास, यार." ते बोलत राहिले, पत्रकात होतं तसंच, सगळं बरोबर. हणमंत ऐकत होता. म्हणजे ऊन नव्हतं. चुका नव्हत्या. पाप नव्हतं. खाल्लेलं अन्न आत होतं आणि पोचत नव्हतं. एवढंच होतं, आणि त्या एवढ्याशासाठी तो तीन महिने स्वतःच्या तोंडावर थुंकत आला होता. आणि आईने, बिचारीने, पिशवी भरून साखर पाठवली होती.

"बोलला का नाहीस, म्हणता?" तो म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमच्या दारापाशी तीन महिने बोलतोय मी, सर. तासाला तीनदा. वहिनींनी ऐकलं की. त्यांनी मोजलं सुद्धा. तुमच्या यंत्राआधी त्यांनी मोजलं."

लतिकावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "मला काय माहीत, हणमंत, मला वाटलं... हायजीनचं..." सरांनी मधेच घड्याळ पाहिलं, सवयीने पाहिलं असेल, पण पाहिलं. "ताबडतोब हॉस्पिटल. मी फोन करून ठेवतो तिथे, डॉक्टर ओळखीचे आहेत. मी आलो असतो रे, पण सिंगापूरचा कॉल आहे चारला... रामफल नेईल तुला. बिल्कुल काळजी करू नकोस." बरोबर. रामफल नेईल. हणमंतला त्याही स्थितीत हसू फुटलं, कडवट, आणि त्याच वेळी ओटीपोटात पुन्हा ते सुरू झालं. त्याने पाय आवळून घेतले तसे तिघेही समजले.

"जा ना," लतिकावहिनी घाईने म्हणाल्या, आणि स्वतः पुढे होऊन त्यांनी बाथरूमचं दार उघडलं, आतला दिवा लावला. पांढऱ्या टाइल्स, नवा टॉवेल, साबणाचा वास. "इथेच जा. प्लीज."

हणमंतने त्या उजेडाकडे पाहिलं. पावलं त्या बाजूला वळलीच होती, शरीराला मान-अपमान कळत नाही, त्याला फक्त जायचं असतं. पण तो खोक्यांना खांदा न लावता मागे फिरला, यंत्र बंद न करता तसंच टीपॉयवर आकडा दाखवत ठेवलं, अवनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रसद नीट पाठ कर." मग बाहेर पडला. या वेळी दार ओढून घेतलं नाही. वाजलं तर वाजू दे.

खाली रामफल गाडीचं दार उघडून उभा होता, फोन आला असणार. हणमंतला पाहताच त्याने दार लोटलं आणि खिळ्याकडे हात नेला. "कितना निकला?"

"चार सौ अड़तीस."

"मेरे भाई का पाँच सौ बीस था," रामफल म्हणाला, धीर द्यावा तसा. "दिन में दो बार सुई लगाता है. ट्रक चलाता है, बंबई तक."

हणमंतने किल्ली घेतली. जे विचारायचं होतं ते विचारायला त्याला एकाएकी भीती वाटली. "एक जगह बैठ सकता है? तीन घंटे? बिना उठे?"

"तीन?" रामफलला प्रश्नच कळला नाही. "पाँच-पाँच घंटे बैठता है. कोटा से पहले उतरता ही नहीं, बाकी लोग गाली देते हैं."

हणमंतने कुलूप काढलं. आत गेला, दार धरायला सवयीने हात मागे नेला तर दार आधीच घट्ट होतं. बाहेरून रामफलने पाठ लावली होती. दोन्ही हात मोकळे झाले. त्याने भिंतीवर कपाळ टेकलं. वरून पाइपांतून चौदा मजल्यांचं पाणी खळखळत खाली येत होतं, सगळ्यांचंच, पांढऱ्या टाइल्सवाल्यांचंही. गळ्यात इतका वेळ काहीतरी अडकलं होतं, त्याला वाटत होतं शिवी आहे, लतिकावहिनींना, सरांना, त्या नाडीवाल्याला घालायची एखादी सणसणीत शिवी. तोंड उघडलं तर निघालं भलतंच, जोरात, चौथीतल्या पोराच्या नव्हे, सव्वीस वर्षांच्या माणसाच्या आवाजात. "गुरुजी, मी चाललो!"

"क्या हुआ?" बाहेरून रामफल.

"कुछ नहीं."

"तो आराम से करो, मास्टरजी. मैं खड़ा हूँ."